चौथी गोणी

फार जुनी गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडच्या काठावर रंभी नावाची गाढवी एका व्यापाऱ्याच्या मिठाच्या गोण्या वाहायची. तिसऱ्या गोणीला ती वाकली की व्यापारी म्हणायचा, "पलीकडची गाढवं चार नेतात, तीही अर्ध्या चाऱ्यावर. त्यांनाच आणू का?" रंभी मुकाट्यानं चौथी घ्यायची, चाराही अर्धाच खायची आणि पलीकडच्यांना शिव्या घालायची.

एका उन्हाळ्यात नदी आटली. पात्रातल्या डबक्यावर तिला पलीकडचा भुऱ्या गाढव भेटला.

"मेल्या, तुझ्यामुळे माझा चारा गेला!" रंभी फणकारली.

"माझ्यामुळे? आमचा मालक तर तुझंच नाव सांगतो!"

त्याच्याही पाठीवर तिच्यासारखीच जखम होती. दोघं बराच वेळ एकमेकांची पाठ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी चौथी गोणी चढताच रंभी खाली बसली. व्यापारी तणतणत पलीकडे गेला, तर तिथं भुऱ्याही बसलेला!

"डोंगरामागं तिसरं राज्य आहे म्हटलं!" असं गरजून व्यापारी तिकडे निघाला.

रंभीनं मान वर केली आणि जीव तोडून रेंकली, "तीनच गोण्या! पोटभर चारा!"

डोंगरामागून तिथल्या गाढवांचं उत्तर आलं, तेव्हा व्यापारी अजून पायथ्याशीही पोचला नव्हता.