टिचकीच्या बिळाचा उतारा

शेताच्या बांधावर राहायची एक उंदरी. नाव तिचं टिचकी. अंगानं टीचभर, आवाज मात्र गावभर!

टिचकी गेली माहेरी. तीन पिल्लं बरोबर. चार दिवसांनी परत आली, तर काय? बिळात बसलेली घूस. ही ढम्म!

"घूसबाई, घूसबाई, माझं बीळ द्या."

"तुझं कशावरून? मला तर वाटतं माझंच. उतारा दाखव, बीळ घे."

उतारा म्हणजे जागा कुणाची ते सांगणारा कागद. टिचकीकडे कुठला उतारा! वर आभाळात घार घिरट्या घालत होती. टिचकीनं पिल्लं भोपळ्याच्या पानाखाली लपवली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गावात होते तलाठीआप्पा. साऱ्या जागांचे कागद लाल फडक्यात बांधून बसलेले.

"आप्पा, आप्पा,
घूस बीळ देईना,
पिल्लं माझी उघड्यावर!
उतारा द्या ना!"

"देईन ग बाई. पण आधी मोजणी होऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोजणीदादा मोजायची साखळी पुसत होता. खळ्ळ खळ्ळ!

"दादा, दादा,
घूस बीळ देईना,
तलाठी उतारा देईना,
पिल्लं माझी उघड्यावर!
साखळी लाव ना!"

"लावीन की. पण आधी हद्दीचा दगड दिसू दे. मोजू कुठून?"

तुरुतुरु, तुरुतुरु. दगड होता बांधावरच. पण पार गवतात बुडालेला!

"दगडोबा, दगडोबा,
घूस बीळ देईना,
तलाठी उतारा देईना,
दादा साखळी लावीना,
पिल्लं माझी उघड्यावर!
तोंड दाखवा ना!"

"दाखवीन. पण आधी गवत बाजूला होऊ दे. मीच ऊन बघितलं नाही कधीचं!"

गवत डुलत होतं. सळसळ सळसळ!

"गवता, गवता,
घूस बीळ देईना,
तलाठी उतारा देईना,
दादा साखळी लावीना,
दगड तोंड दाखवीना,
पिल्लं माझी उघड्यावर!
बाजूला हो ना!"

"होईन. पण आधी शेळी मला खाऊ दे. मला काय पाय आहेत?"

तुरुतुरु, तुरुतुरु. शेळी खुंट्याला बांधलेली. बेंऽऽ बेंऽऽ!

"शेळीताई, शेळीताई,
घूस बीळ देईना,
तलाठी उतारा देईना,
दादा साखळी लावीना,
दगड तोंड दाखवीना,
गवत बाजूला होईना,
पिल्लं माझी उघड्यावर!
गवत खा ना!"

"खाईन ग. भूक तर केवढी लागलीय! पण आधी माझं दावं सुटू दे. मालकीण गेलीय बाजाराला."

टिचकीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आता कुणाला सांगायचं? कुणीच नाही! घार आली होती खाली खाली. टिचकीला रडूच आलं. रडता रडता जीभ लागली दातांना.

अगं बाई! दात!

कुरुकुरु, कुरुकुरु, कुरुकुरु... तट्! तुटलं दावं!

मग काय?
शेळीनं गवत खाल्लं. चरचर चरचर!
गवत बाजूला झालं.
दगडानं तोंड दाखवलं.
दादानं साखळी लावली. खळ्ळ खळ्ळ!
तलाठीआप्पांनी बांधावर येऊन लाल फडकं सोडलं, कागद काढला, मोठ्यानं वाचला:

"दगडाच्या उगवतीला बीळ, ते उंदरीचं. दगडाच्या मावळतीला बीळ, ते घुशीचं."

"म्हणजे माझं बीळ पलीकडे आहे?" घूस म्हणाली. तिनं जीभच चावली. "गवतात दगड दिसलाच नाही ग मला! चुकून तुझ्या बिळात शिरले."

घूस पटकन बाहेर आली. दोन पिल्लं तिनं पाठीवर घेतली, एक टिचकीनं. पळाल्या दोघी झुईं! पिल्लं बिळात. घार गेली हात हलवत.

आणि उतारा? टिचकीनं तो नीट जपून ठेवला. कुरतडला नाही हं, एवढासुद्धा!

टिचकीची पिल्लं बिळात निजली.
आता आमचं पिल्लू कुशीत निजू दे.