हिरव्या मुखाची माउली

वेदीवरची ती मरियामाय बघा. चेहरा हिरवा आहे ना? बुरशी नव्हे ती. येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

असे सांगतात, पोर्तुगीज अमदानीत आमच्या चिंचखारीत इनास नावाचा चितारी होता. परदेशी पाद्रीबाबांकडून तो त्यांची जुनी रीत शिकला. अंड्याचा बलक तळहातावर घोळवायचा, त्याची पातळ साल चिमटीत धरून बलक वाटीत सोडायचा आणि त्यात पाण्याने वाटलेली रंगमाती कालवायची. मुखाला आधी हिरवा हात, त्यावर गुलाबी, म्हणजे कातडी जिवंत दिसते. मरियामायच्या मुखाला हिरवा हात देऊन झाला होता, गुलाबी राहिला होता.

दिवस उपवासकाळाचे. ईस्टरपर्यंत गावात कोणी अंडे खात नसे. त्यातच पटकी आली. बलकाची रीत ठाऊक असलेले पाद्रीबाबाच सर्वांत आधी गेले. घराघरांतून मढी निघू लागली, तशी माणसे पाप कोणाचे ते शोधू लागली. इनासच्या परसात टरफलांचा ढीग सापडला. झाले. चिडलेल्या गावाला पुरावा लागत नाही, निमित्त लागते.

त्याला परांचीवरून खाली ओढले. अंडी खाणारे तोंड म्हणून आधी तोंड फोडले, दात फरशीवर सांडले. उजवा हात उंबऱ्यावर धरून मुसळाने ठेचला. "ओक, खाल्लंस ते ओक," म्हणत पोटात लाथा घातल्या. रक्त आले, अंडे आले नाही म्हणे. तिथेच त्याने जीव सोडला.

त्याची बायको मोनीबाय धावत आली. तिने रंगाची वाटी उचलून सगळ्यांच्या नाकाशी धरली. "हुंगा. त्याने खाल्ली नाहीत रे, तुमच्या माउलीला लावली." कच्च्या बलकाचा वास कोणाला कळत नाही? मुसळे गळून पडली.

पुढे राहिलेला गुलाबी हात द्यायला गावाने दुसरा चितारी आणला. मोनीबाय वेदीपुढे आडवी झाली. "चेहरा असाच राहील. लोक विचारतील, तुम्ही सांगायचं."

आजही उपवासकाळ लागला की घरटी एक अंडे इथे येते. घरचा कर्ता ते वेदीपुढे फोडतो आणि मोठ्याने म्हणतो, "शेवटचा घाव आमच्या घरचा." त्या झुंडीत तो खरा कोणाचा होता, हे कधी कळलेच नाही. म्हणून सगळीच घरे म्हणतात, आणि म्हणताना खोटे बोलतोय असे आमच्यापैकी एकालाही वाटत नाही.