उंच काचेमागचा वारा

एका गावात एक बाई होती. वारा तिच्या डोक्याला थपडा मारतो, यावर कोणाचाही विश्वास नव्हता. डोकं तिचं, थपडा तिला, आणि खरं की खोटं ते ठरवणार बाकीचे!

तिच्या नवऱ्यानं लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेतली होती. चांगली दांडगी, मागे बसायला गुबगुबीत गादी, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. लग्न झाल्यापासून तो म्हणत आला होता, "एकदा तुला डोंगरापलीकडचा समुद्र दाखवणार." रांधता-रांधता बाईचे केस पिकले, पण समुद्र काही दिसला नाही. आता पोरगी सासरी गेली, गाडी आली आणि निघायचा दिवसही ठरला.

जावई हौशी होता. सासऱ्याच्या गाडीला पुढे लावायला त्यानं उंच काच भेट दिली, अंगावर वारा येऊ नये म्हणून. नवऱ्यानं ती मोठ्या थाटात बसवली, आणि त्या दिवसापासून बाईच्या मानेमागे शुक्लकाष्ठ लागलं.

गाडीनं वेग घेतला की तिचं डोकं गदागदा हलायचं. हेल्मेट या कानावरून त्या कानावर जायचं. आवाज असा, की कोणी ओलं गोणपाट आपटतंय. खाली उतरल्यावर मान इतकी धरायची की कोणी हाक मारली तर बाई अख्खीच्या अख्खी वळायची.

"अहो, मागे वारा फार लागतो," ती म्हणाली.

"वारा? कुठंय वारा?" नवरा म्हणाला. काचेमागे त्याच्या मिशीचा केससुद्धा हलत नव्हता. "तुला सवय नाही, दुसरं काही नाही."

बाईनं सवयही करून पाहिली. हेल्मेटचा पट्टा आवळला, डोक्याला रुमाल बांधला, कानांत कापसाचे बोळे घातले. नणंदेनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, वारा मात्र होता तसाच राहिला.

"हे त्या काचेमुळे होतंय," बाई एकदा म्हणाली.

"हळू बोल!" नवरा दचकला. "जावईबापूंनी दिलीय. त्यांच्या कानावर गेलं तर पोरीला तिकडे काय ऐकावं लागेल?"

पोरीचं नाव निघालं की बाईची बोलती बंद.

नणंद म्हणाली, "वहिनी, फार नाजूक झालात हो! थांबा, मी बसून बघते." ती भावाच्या मागे बसली, पार पुलापर्यंत जाऊन आली. "अगंबाई, मला तर डुलकी लागत होती! दादा, वहिनींना झेपत नसेल तर मी येते समुद्राला."

आणि नवरा "नाही" म्हणाला नाही. "बघू," म्हणाला.

त्या "बघू"नं बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर जपलेला समुद्र हा माणूस बहिणीच्या पदरात टाकायला निघाला होता!

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना तिनं मुद्दाम बसायची तऱ्हा बदलून पाहिली. नवऱ्याच्या पाठीआड वाकली तर सगळं शांत. नणंद बुटकी, ती याच शांततेत बसली असणार. पाय रोवून जरा उठली, तर वारा जोरात पण सरळ अंगावर आला. डोकं हललं नाही. नीट बसली की मात्र पुन्हा घुसळण सुरू. काचेवरून आलेला वारा नेमका तिच्या कानांपाशी फुटत होता.

बाईला माहेरचं खळं आठवलं. धान्य उपणायला भिंतीच्या आडोशाला कोणी उभं राहतं का? तिथे वारा गरगरतो आणि सगळं भूस डोळ्यांत जातं. उपणायचं ते मोकळ्यावर.

तिनं नवऱ्याला हे सांगितलं.

"आता वारासुद्धा तूच शिकवणार मला?"

"तुम्ही आडोशाला बसलाय," बाई म्हणाली. "तुम्हाला कोण शिकवणार!"

निघायची सकाळ उजाडली. निरोप द्यायला लेक-जावई आले. नणंदेनं आपली पिशवीही भरून ठेवली होती. बाईपुढे आता दोनच वाटा होत्या. मान मोडून घेत जायचं, नाही तर घरी बसायचं. बाईनं पाना उचलला आणि सगळ्यांदेखत काच सोडवायला घेतली.

"अगं, काय करतेस? जावईबापूंसमोर?" नवरा ओरडला.

"त्यांच्यासमोरच करते. पाठीमागे केलं असतं तर चोरी झाली असती." तिनं काच सतरंजीवर ठेवली आणि जावयाकडे वळली, म्हणजे अख्खीच वळली. "जावईबापू, राग आला तर माझ्यावर काढा, माझ्या पोरीवर नको. पण तुमच्या या भेटीनं माझी मान मोडायची वेळ आलीय."

जावयानं वाकून काच पाहिली, स्क्रूची भोकं पाहिली.

"मामी, ही वरच्या भोकांत बसवली होती? मी तर दिली तेव्हाच मामांना सांगितलं होतं, दोघं बसणार असाल तर खालच्या भोकांत बसवा आणि खाली चार बोटं फट ठेवा. थोडा वारा खालून गेला की वरचा घुसळत नाही. मामा म्हणाले, मला झकास आडोसा मिळतोय, असू दे उंचच."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पेटीचा बंद तपासायला लागला. इतके दिवस जावयाच्या मानाचं पांघरूण पुढे करून हा गडी स्वतः उबेत बसला होता!

जावयानं काच खाली बसवली. नणंद पिशवी घेऊन घरात गेली. त्या दिवशी वारा बाईच्या छातीवर आला, तळहातानं रेटल्यासारखा सरळ. डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. पहिल्या चहाला थांबले तेव्हा नवऱ्याच्या मिशीत चिलटं अडकली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तोंड मिटून चालवा," बाई म्हणाली. आणि समुद्र तिनं ताठ मानेनं पाहिला.

तात्पर्य: वारा किती आहे, हे आडोशाला बसलेल्याला विचारू नये, ज्याचं डोकं हलतंय त्याला विचारावं.

राहता राहिलं, चूक कोणाची? तेही निघताना ठरलं होतं. नणंदेनंच पुन्हा बाहेर येऊन विचारलं, "मग वहिनी, दोष द्यायचा तरी कोणाला?" बाईनं आजवर नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. म्हणून तिनं गाडीवर बसता-बसता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उखाणाच घेतला:

"काच नव्हे, वारा नव्हे, जावयाचा नाही हात,
माझ्या मानेचं भरीत केलं, कोणी? – रंगनाथ!"