काकांना हाक कशी मारावी

पार तिकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, नदीकाठच्या सेलिश आदिवासींच्या एका गावात बेसिल नावाचा एक भोळा राहत होता. सांगितलं तेवढं करायचा. तेवढंच करायचा.

त्याच्या धाकट्या बहिणीला पणजीचं नाव द्यायचं ठरलं. पण मासेमारीच्या जागेवरून त्याच्या वडिलांचं, डोमिनिकचं, सख्ख्या भावाशी, ऑगस्टीनशी, बोलणं बंद होतं. आणि डोमिनिकचा हट्ट असा की ऑगस्टीन आल्याशिवाय पोरीला नाव द्यायचं नाही. निरोप घेऊन गेलेले सगळे हात हलवत परत आले. उरला बेसिल.

आई म्हणाली, "आण बाबा काकांना. आणि वाटेत मोठ्या माणसांना नावानं हाक मारू नकोस. नात्यानं मार."

"बरं."

बेसिल होडी वल्हवत निघाला. काठावर थॉमस मासे साफ करत बसला होता. त्याच्या पाठीमागे त्याची होडी दोर सुटून वाहत चालली होती. बेसिल ओरडणार, तेवढ्यात आईचं बोलणं आठवलं. थॉमस आपला कोण? आजीच्या मावसबहिणीचा जावई? की दीर? नातं लागेपर्यंत होडी वळणापार गेली.

थॉमस बोंबलला, "बैला! नातं कसलं शोधतोस? माणूस दिसला की दोन्ही हात वर करायचे!"

"बरं."

पुढे नदीला ओढ होती. काठावरच्या मांडवात एक आजी सामन मासे वाळत घालत होती. बेसिलनं वल्हं टाकून दोन्ही हात वर केले. तिथे नमस्कार असाच करतात, म्हणून आजीनंही कौतुकानं हात वर केले. तोवर होडी मांडवात घुसली. मासे नदीत परत गेले. वाळलेले असल्यामुळे पोहले मात्र नाहीत.

"मुडद्या! कुठं निघालास असा?"

"काकांना आणायला. ते येत नाहीत, आजी."

आजी जरा निवली. "माझा दीरही असाच. कुणाचं ऐकेल तर शपथ. मग माझा नवरा गेला. आपल्यात बाप गेला की काकाला हाक मारायचा शब्दच बदलतो. माझ्या लेकानं त्या शब्दानं हाक मारली, तसा दीर अनवाणी धावत आला."

बेसिलनं एवढंच ऐकलं: धावत आला.

"कोणता शब्द, आजी?"

"तुझा बाप धडधाकट आहे. तुला कशाला?"

"सांगून तर ठेवा."

तो शब्द घोकत बेसिल काकांच्या दारात पोचला.

काका गरजले, "तुझ्या बापाच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही!"

बेसिलनं दोन्ही हात वर केले आणि त्या शब्दानं हाक मारली.

काका मटकन खाली बसले. "शेवटी माझी आठवण काढली का रे त्यानं?"

"सारखी. म्हणाले, ऑगस्टीन आल्याशिवाय काही करायचं नाही."

काकांनी हंबरडा फोडला. सगळी आळी रडत होड्यांत बसली.

गावच्या काठावर डोमिनिक उभा होता. भावाला पाहून तो गुडघाभर पाण्यात धावला. होड्यांमधलं रडणं जागीच थांबलं.

"तू जिवंत आहेस?" काकांनी विचारलं.

"आहे की! उतर, उतर!"

काकांनी डोळे पुसले. "तू जिवंत, तर भांडणही जिवंत. वळवा रे होड्या."

डोमिनिकचं तोंड एवढंसं झालं. बेसिलनं धावत जाऊन त्याचा हात धरला.

"बाबा, काका चालले! पोरीचं नाव ठेवून होईपर्यंत तरी मरा ना!"