काठ्यांची शीव

हातातल्या काठ्या इथं ठेवा. तुमचीसुद्धा, चष्मेवाले दादा. उतारावर गुडघ्याला आधार लागतो हे मला कळतं, माझेही गुडघे काही पोरीचे राहिलेले नाहीत. हवं तर माझा खांदा धरा, पण या देवराईत उचललेली काठी राईच्या बाहेर जायची नाही. दादांना पटलेलं दिसत नाही. मग बसा सगळे, गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

हा शेंदूर न लावलेला उभा दगड म्हणजे आमच्या राईची शीव. शेजारचा काठ्यांचा ढीग तुमच्यासारख्या पाहुण्यांनीच केलाय. आणि मागं त्या हिरड्याखाली माणसाच्या लांबीची लाकडं रचलेली दिसतात, त्यांना कुणी हात लावत नाही. वनखात्याची माणसंसुद्धा लांबून जातात.

पूर्वी असा रिवाज होता म्हणे, की या राईतलं पान तोडायचं नाही, चुलीला काटकी न्यायची नाही. फक्त वाडीत माणूस गेलं, तर घरच्यानं या दगडापाशी उभं राहून मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी लाकूड मागायचं. मग आत एखादं वाळलेलं झाड आडवं पडलेलं मिळायचंच. सरणापुरतं तेवढं उचलायचं.

वाडीत हिराजी नावाचा गडी होता. घरात तो आणि त्याची आई कोंडाई. सगळं वेळेआधी करून ठेवायची त्याला भारी खोड. एका ज्येष्ठात कोंडाई तापानं अंथरुणाला खिळली. वैदूनं हात टेकले. आभाळ भरून आलेलं, आणि आमच्या डोंगरात पाऊस एकदा लागला की चार महिने काटकी वाळत नाही. आईचं मढं ओल्या लाकडावर अर्धं राहील, या धास्तीनं हिराजीला घास उतरेना. शेवटी आई जिवंत असतानाच तो या दगडापाशी आला आणि तिच्या नावानं लाकूड मागून बसला. आत झाड पडलेलंच होतं. ते फोडून त्यानं घराच्या वळचणीला रचलं. पोरगा किती शहाणा, असं लोक म्हणाले. मला त्या शहाणपणाची अजून चीड येते. पण माया होती त्यात, हेही खरं.

आणि कोंडाई बरी झाली.

अंगात बळ आल्यावर ती चुलीशी बसली आणि वळचणीचं एक लाकूड तिनं आत सारलं. जाळ धडधडून उठला, पण तव्यावरची भाकरी कच्चीच राहिली. तिनं तव्याखाली हात घातला. जाळ गार होता, झऱ्याच्या पाण्यासारखा. हात तसाच ठेवून तिनं लेकाकडं बघितलं.

"हिऱ्या, हे लाकूड कुनासाठी मागितलंस?"

हिराजी मान खाली घालून रडायला लागला.

त्या दिवसापासून, असं सांगतात, रोज दिवस मावळताना राईकडून पावलं वाजू लागली. बाहेर धो धो पाऊस, पाल्याचा चिखल झालेला, आणि आवाज मात्र वाळल्या पाचोळ्यावर चालल्याचा. आधी तो शिवेपाशी थांबायचा, मग खळ्यापाशी. हिराजीनं लाकडं परत राईत नेऊन टाकली. सकाळी ती वळचणीला, तशीच रचलेली आणि कोरडी ठणठणीत. तिच्या बदली मला ने, म्हणून त्यानं या दगडावर डोकं आपटलं. तरी पावलं यायची थांबली नाहीत.

पाचोळा अंगणात वाजला, तेव्हा कोंडाई उठली.

"मी जाते," ती म्हणाली. "पर माझ्या पायानं जाते. तू मागं येऊ नको."

"आये, चूक माझी हाय."

"व्हय, तुझीच हाय. पर लाकूड माझं हाय."

तिनं स्वतः एकेक मोळी डोक्यावरून आणली आणि त्या हिरड्याखाली रचली. तिच्या हातची लाकडं मागं फिरली नाहीत. शेवटच्या मोळीनंतर तीही फिरली नाही. हिराजी धावत आला, तर चिखलात तिची पावलं लाकडांपर्यंत गेलेली, पुढं काहीच नाही. त्यानंतर वाडीनं इथं लाकूड मागणंच सोडलं. हिराजी मात्र म्हातारा होईपर्यंत रोज या दगडापाशी येऊन बसायचा. आतून आवाज यायचा, "कुनासाठी?" तो म्हणायचा, "तुला बघाया आलो, आये."

पुन्हा कुणी जित्या माणसाच्या नावानं लाकूड नेऊ नये, म्हणून ती विचारते म्हणे.

आजही ती लाकडं कुजलेली नाहीत. आजही आमच्यातलं कुणी साधी काठी घेऊन शिवेपर्यंत आलं, तरी ती इथं ठेवतं आणि मोठ्यानं सांगतं, "कुणासाठी नाही, आई." मग खाली उतरतं.

दादा, मघाशी त्या वळणावर तुम्ही हसत मागं वळलात आणि म्हणालात, "माझ्या आईसाठी नेतोय." मी ऐकलं. तुम्हाला वाटलं असेल, मागून येणाऱ्या कुणीतरी विचारलं. पण आपल्यात सगळ्यात मागं तुम्हीच होता.

शीव अजून ओलांडलेली नाही. काठी ठेवा, आणि तिला सांगा.