दोन बोटं दार

बोरवंडी गावात एक भोळा गडी होता, पिराजी. तिशी उलटलेला, अंगानं दांडगा आणि मनानं गरीब. 'म्हशीवर डोळा ठेव' म्हटलं तर 'डावा की उजवा' असं विचारणारा. सांगितलेलं मात्र तो कधीच विसरत नसे. खरी पंचाईत तीच होती.

जन्मभर शेळ्या राखून झाल्यावर तो आंबादास मिस्त्रीकडे सुतारकामाला लागला. मिस्त्रीनं नुकताच विजेवर चालणारा कटर आणला होता. हातात धरायचा, बटण दाबायचं, की गोल पातं भर्रकन फिरतं आणि फळीचे दोन तुकडे. पिराजी त्या कटरच्या प्रेमातच पडला.

मिस्त्री म्हणाला, "शेवंताक्काच्या नव्या घराची शुक्रवारी वास्तुशांत हाय. त्यांचं दार नीट बसेपर्यंत शहाण्यासारखा वागलास, तर कटर कायमचा तुझ्या हातात. न्हाईतर परत शेळ्या."

पिराजीनं कटर छातीशी धरला. त्याला शेळ्या नको होत्या. शेळ्यांना बटण नसतं.

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं धडा दिला. "दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. पाय रोवून उभं ऱ्हायाचं. आन् सगळी हालचाल थांबल्याबिगर खाली ठेवायचं न्हाई."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुपारी मिस्त्रीच्या सुनेनं आपली तान्ही पोर घटकाभर त्याच्याकडे दिली. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाय रोवले. पोर हातपाय झाडून रडायला लागली. सून धावत आली आणि म्हणाली, "ठेवा की तिला पाळण्यात."

"कसं ठेवू? हलतीय अजून."

अर्धा तास त्यानं पोर सोडली नाही. शेवटी मिस्त्री आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं येड्या, रडायला लागलं की लगेच खाली ठेवायचं, आन् आईला हाक मारायची."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कटर चालू केला आणि बटण अडकवून ठेवलं. कटर किंचाळायला लागला. पिराजीनं तो लगेच खाली ठेवला आणि "आई" म्हणून हाक मारली. कटर आपला आपण निघाला. सगळ्या कारखान्यात हिंडला, मिस्त्रीची डावी चप्पल खाल्ली आणि उजवीच्या मागं लागला. मिस्त्री टेबलावर चढला. पिराजीनं पुन्हा हाक मारली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून त्याची खरी आई हातात कालथा घेऊन धावत आली, आणि कुणाचं काय बिघडलंय ते तिला काही केल्या कळेना.

मिस्त्री टेबलावरूनच म्हणाला, "गोंधळ झाला की आधी पिन काढायची. पिन उपटायची, मग बोलायचं."

"बरं," पिराजी म्हणाला, आणि भिंतीतली पिन उपटली.

बुधवारी दोघे चौकट बसवायला शेवंताक्काकडे गेले. तिथं तिचे दोन दीर मांडवाचं तोंड कुणीकडे करायचं यावरून भांडत होते. चांगलाच गोंधळ होता. पिराजीनं भिंतीकडे पाहिलं. तिथं पिन नव्हती. मग त्यानं दिरांकडे पाहिलं. धाकट्या दिराच्या विजारीचं बटण तुटलेलं होतं आणि तिथं एक पिन होती. पिराजीनं ती उपटली.

"आता बोला," तो म्हणाला.

धाकटा दीर विजार धरून घरात पळाला. भांडण मात्र खरंच मिटलं, एवढं पिराजीच्या बाजूनं म्हणावं लागेल.

मिस्त्री दातओठ खात म्हणाला, "काम चालू असताना माणसं लांब उभी करायची. आन् बोट म्हणून कशाच्या जवळ न्यायचं न्हाई. ध्यानात ठेव."

"बरं," पिराजी म्हणाला. आता आपल्याला सगळं आलं, असं त्याला वाटलं.

शुक्रवार उजाडला. अकराचा मुहूर्त. दहा वाजता दार लावून पाहिलं, तर ते खाली घासत होतं. तेवढ्यात पूजेवरून मिस्त्रीला बोलावणं आलं. त्याला मानाचं उपरणं मिळणार होतं.

"खालनं दोन बोटं काप," तो निघता निघता म्हणाला.

"बोट जवळ न्यायचं न्हाई म्हणालात."

"मोजायला रं."

"मोजायला बी जवळच न्यावं लागंल की."

मांडवातून पुन्हा हाक आली. मिस्त्री घायकुतीला आला. "मग हातानं मोज, बाबा."

"दोनच ना?"

"दोनच."

आता कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हे बोरवंडीत शेंबडं पोरही जाणतं. पिराजीनं दोन हात मोजले आणि रेघ मारली. पिन काढून पातं घट्ट आहे का पाहिलं. डोळ्यांना चष्मा लावला. दार लाकडी घोडीवर आडवं करून बांधलं. माणसं लांब उभी केली. दोन्ही हातांनी कटर धरला, पाय रोवले, रेघेवरून एका चालीत कापलं, आणि पातं पुरतं थांबल्यावरच कटर खाली ठेवला. इतकं बिनचूक काम त्या कटरनं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं दार चौकटीत अडकवून लावून घेतलं.

अकराला शेवंताक्का डोक्यावर कलश घेऊन आली. मागं सगळा गाव, आणि शेजारी नवं उपरणं घेतलेला मिस्त्री. दार बंद होतं. दाराखालून आतल्या भटजींचं धोतर, दोन्ही दिरांच्या विजारी आणि समईपर्यंतचं सगळं घर दिसत होतं.

शेवंताक्कानं कलश सावरत दार खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "आंबादास, मी दार सांगितलं हुतं का पडदा?"

पिराजी पुढे झाला. त्यानं दार अलगद ढकललं. ते खाली कुठंच न घासता उघडलं, वर मात्र जरासं कुरकुरलं.

"बघा मिस्त्री, खाली आता जन्मात घासणार न्हाई," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता. मग त्यानं वर पाहिलं आणि कटर उचलला.

"वरनं जरा घासतंय. तिथनं बी दोन हात काढू का?"