राजाच्या टाचेतला ठणकोबा

एक होता राजा. त्याचं नाव धरणीधर. राज्य छोटंसंच, डोंगरातलं, पण तिथली रीत मोठी विचित्र. प्रत्येक गावाच्या शिवेवर एक सपाट शिळा होती. वर्षातून एकदा राजाने अनवाणी निघायचं आणि सूर्य बुडायच्या आत एकूण एक शिळेवर पाय टेकवायचे. याला म्हणायचे शिवफेरी. जिथे पाय टेकले नाहीत, ते गाव वर्षभर धुक्यात जायचं. मग तिथून कुणी बाहेर येणार नाही, आत कुणी जाणार नाही.

सगळ्यात शेवटचं गाव सोनवडी. तिथे राजाची थोरली बहीण राहायची, मैनाक्का. आई गेल्यावर तिनेच राजाला वाढवलेलं, बरं का. पण हल्ली ती माहेरपणाला येत नसे. राजाला वाटायचं, रागावली असेल.

तर एकदा काय झालं, राजाची टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ. जरा चाललं की बरं वाटायचं, बसून उठलं की पुन्हा आई गं! हसताय काय रे? मला विचारा टाच दुखते म्हणजे काय ते.

पण राजाने कुणाला सांगितलं नाही. राजाने लंगडायचं नसतं, असं त्याला वाटायचं. राणीने विचारलं, "अहो, असे काय चालताय?" तर म्हणे, "ही सिंहाची चाल आहे." झालं! दुसऱ्या दिवशी प्रधानजी सिंहाची चाल चालायला लागले. मग सेनापती. मग अख्खा दरबार एका पायावर डुलत डुलत. राजाला हसावं की रडावं कळेना.

मग तो गेला वैद्यबुवांकडे. तिथेही थापच मारली. "माझ्या घोड्याचा पाय दुखतोय," म्हणाला. वैद्यबुवांनी बिचाऱ्यांनी घोड्याचा लेप दिला. राजाने तो गुपचूप स्वतःच्या पायाला फासला. पाय पार बधिर! दुखणं गायब! राजा खूश होऊन बागेत फिरून आला, तर राणी किंचाळलीच. "अहो, रक्त!" तळव्यात बाभळीचा हा एवढा काटा मोडलेला, आणि या शहाण्याला पत्ताच नाही.

मग काटा निघाला. जखम भरली. लेपही उतरला, आणि टाच पुन्हा ठणकायला लागली. शिवफेरी तर उद्यावर आलेली. राजा पलंगावर बसून रडायलाच लागला. "मी पोचलो नाही तर माझी अक्का धुक्यात जाईल."

तेवढ्यात टाचेतून आवाज आला, "अरे, मी कधीचा हाका मारतोय!"

"कोण रे तू?"

"मी ठणकोबा. पाय दमला की सांगायला येतो. हळू सांगितलं, तू ऐकलं नाहीस. म्हणून ओरडलो. तर मलाच घोड्याचा लेप लावलास!"

"जा ना बाबा आता."

"लगेच नाही जाता येत मला. पण ऐकलंस तर हळू बोलेन. मी 'हूं' म्हटलं की असशील तिथे बसायचं. आणि आधी वैद्यबुवांना खरं काय ते सांग."

राजाने सांगितलं. वैद्यबुवा रागावले नाहीत. म्हणाले, "महाराज, हे आधीच बोलायचं होतं." मग त्यांनी दाखवलं. पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हाताने धरून हळूच आपल्याकडे ओढायची. दमलं की कोमट पाण्यात पाय सोडायचे. मग तेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासायचे.

राजा उजाडायच्या आतच निघाला. वाटी कमरेला खोचलेली, मागे सगळा दरबार. एका गावात ठणकोबा म्हणाला, "हूं." राजा बसला पारावर. लोक बघतच राहिले. एका आजीने कोमट पाणी आणलं. पुढच्या गावात पुन्हा "हूं." पुन्हा राजा बसला, तळवे घासून घेतले, उठला. असं करत करत सोनवडी आली. शिळा समोर दिसत होती. पण सूर्य डोंगराला टेकला होता आणि पलीकडून धुकं वर यायला लागलं होतं.

राजा आता पळणार, इतक्यात ठणकोबा ओरडला, "हूंऽऽ!"

"आत्ता नको रे! माझी अक्का आहे तिथे!"

"पळालास तर पडशील. पडलास की उठायचा नाहीस."

आता काय करायचं? मग राजाने मुकुट काढून काखेत मारला, मट्कन खाली बसला आणि बसल्या बसल्या सरकायला लागला. हो, बुडावर! आपली छकुली सरकते ना, तस्सा. सरक, सरक, सरक. पितांबर मातीत माखलं. मागे प्रधानजी बसले, सेनापती बसले, तेही सरकायला लागले. प्रधानजींचे गुडघे तर खरंच दुखत होते, बोलत नव्हते इतकंच. सूर्याची एवढीशी कड उरली, आणि राजाने पाय लांब करून दोन्ही तळवे शिळेवर टेकवले.

धुकं थांबलं. मग विरून गेलं.

पलीकडे मैनाक्का उभी होती. पण ती धावत आली नाही. काठी टेकत, भिंतीला धरत, एक एक पाऊल टाकत आली.

"अक्का, तुझाही पाय?"

"किती दिवस झाले रे. चालवतच नाही. म्हणून तर माहेरी आले नाही. म्हटलं, तू राजा, तुला कशाला माझं रडगाणं."

राजाला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं! त्याने अक्काला शिळेवर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला, कमरेची वाटी काढली आणि हळूहळू घासायला लागला. लहानपणी ती याचे मातीचे पाय धुवायची ना, तसं.

मग अक्का पालखीतून माहेरी आली आणि चांगली महिनाभर राहिली. ठणकोबा अजून येतो मधूनमधून. पण हळूच "हूं" म्हणतो, आणि राजा लगेच बसतो. त्या राज्यात आता कुणी दुखणं लपवत नाही. सगळे मजेत आहेत.

चला, पांघरुणं घ्या. आणि सकाळी मी पलंगावर बसून राहिलेली दिसले तर "आजी, ऊठ ना, ऊठ ना" करू नका. मी माझ्या ठणकोबाशी बोलत असेन. झोपा आता.